माघारीचा अर्ज

अर्ज आदल्या संध्याकाळीच टाइप करून ठेवला होता. दीड पान. एकवीस आरोपींविरुद्धचा खटला जनहितासाठी मागे घ्यायची परवानगी मिळावी, अशी विनंती. खाली माझं नाव, हुद्दा आणि सहीपुरती रिकामी जागा.

मी सहायक जिल्हा सरकारी वकील. त्याआधी पाच वर्षं नगरसेवक होतो, आणि पक्षाचं काम तर सनद मिळाल्यापासून करत होतो. सात वर्षं वकिली झालेल्याचं नाव जिल्हाधिकाऱ्यांच्या यादीत जाऊ शकतं आणि त्या यादीतून सरकार नेमणूक करतं. माझं नाव तिथे कसं गेलं हे मी कधी लपवलं नाही. वकिली चांगली चालत होती म्हणून गेलं, आणि वर ओळख होती म्हणूनही गेलं.

खटला रास्ता रोकोचा होता. ऐन रब्बीत कृषिपंपांची वीज तोडली, पिकं डोळ्यांदेखत वाळायला लागली, तेव्हा शेतकरी फाट्यावर येऊन बसले. नांदेडकडे जाणारी एसटी अडवली गेली. गर्दीतून दगड आले, समोरची काच फुटली, चालक जखमी झाला. एसटीचा चालक कायद्याने लोकसेवक, म्हणून जुन्या दंड संहितेची ३५३ (कामावरच्या लोकसेवकावर हल्ला) आणि ३३२ (त्याला दुखापत) ही कलमं लागली. २०१८ पासून महाराष्ट्रात ही दोन्ही कलमं सत्र न्यायालयात चालत. एरवी खालच्या कोर्टात राहिलं असतं असं प्रकरण त्यामुळे माझ्या टेबलावर आलं.

त्याच फाट्यावर मी स्वतः तीनदा बसलो आहे. आंदोलनातले खटले मागे घेणं मला आजही गैर वाटत नाही. आणीबाणीनंतर जॉर्ज फर्नांडिस आणि इतरांवरचा बडोदा डायनामाइट खटला मागे घेतला गेला आणि १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. राजकीय चळवळीतून घडलेल्या गोष्टींवर कधी कधी पडदा टाकणंच समाजाच्या हिताचं असतं, हे न्यायालयांनाही मान्य आहे. आमच्या एकवीस जणांत सत्तरी ओलांडलेले दोन म्हातारे होते. दर तारखेला एसटीने यायचे, व्हरांड्यात बसायचे, सही करून परत जायचे. एका पोराचा पासपोर्ट या गुन्ह्यापायी अडला होता.

जिल्हा समितीची शिफारस झाली, सरकारचं पत्र आलं. रात्री एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. "वकीलसाहेब, उद्या तेवढं उरकून टाका. पोरं लई दिवस अडकलीत." मी हो म्हणालो.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ प्रमाणे माघारीचा निर्णय सरकारी वकिलाने स्वतः विचार करून घ्यायचा असतो. सरकार सांगू शकतं, सुचवू शकतं. पण ही जबाबदारी वकिलाची एकट्याची, ती त्याला दुसऱ्या कुणाच्या हाती देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच बलवंत सिंग विरुद्ध बिहार या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. १ जुलै २०२४ ला नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ३६० मध्ये आणखी एक वाक्य घातलं आहे, की पीडिताला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय न्यायालयाने माघारीला परवानगी द्यायची नाही. आमचा खटला त्याआधीचा, जुन्या कायद्याने चालणारा. चालकाला बोलावलं नसतं तरी कुणी बोट ठेवलं नसतं. पण ते वाक्य वाचल्यापासून डोक्यातून जाईना, म्हणून मी कोर्टाचं काम बघणाऱ्या पैरवीच्या हवालदाराकडून त्याला निरोप धाडला होता.

साडेदहाला तो आला. खाकी गणवेशातच. "बसा" म्हटलं तरी उभाच राहिला. मी त्याचा पोलिसांपुढचा जबाब त्याच्यासमोर ठेवला. वाचताना त्याने अख्खा चेहरा उजवीकडे वळवला आणि डाव्या डोळ्यासमोर कागद धरला. उजव्या भुवईतून टाक्यांची रेघ पापणीपर्यंत उतरली होती आणि तेवढ्या जागेत केस उगवले नव्हते. दोषारोपपत्रातलं वैद्यकीय प्रमाणपत्र मी दहादा चाळलं असेन. काचेमुळे झालेली इजा, डोळ्याचं नाव, टाक्यांची संख्या, सगळं त्यात होतं. पण माणूस कागद कसा धरतो ते काही त्यात नव्हतं.

"आता गाडीवर असता का?"

"न्हाई साहेब. डेपोतच काम दिलंय. स्टेअरिंग सुटलं."

खटला मागे घ्यायचं चाललंय, हे मी त्याला सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "माझी कुणाशी दुश्मनी न्हाई. माझ्या भावाच्या शेताचीबी लाईन तोडली होती तवा. मी गाडी बाजूला घेतली, बंद केली, चावी काढून हातात धरली. प्याशिंजरला म्हणलं, बसा, हे आपलेच लोक हायत. मग दगड कशाला मारला, एवढंच कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतक्या वेळा मी रस्त्यावर बसलो, पण अडवलेल्या गाडीत कोण बसलंय, स्टेअरिंगवर कोण आहे, हे एकदाही वाकून बघितलं नव्हतं. आम्हाला गाडी दिसायची, तिच्यामागची रांग दिसायची, आणि रांग जितकी लांब तितकं आंदोलन जोरात, असा आमचा हिशोब.

फाइल पुन्हा उघडली. बंदोबस्तावरच्या पोलिसाने मोबाइलवर केलेलं चित्रण होतं. वाहक बाईंचा जबाब होता. दगड मारणारे दोघे दोन्हींत ओळखू येत होते. बाकीचे एकोणीस जण बसलेले होते किंवा घोषणा देत होते. ३२१ मध्ये सगळ्या आरोपींविरुद्ध माघार घेतलीच पाहिजे असं काही नाही. एखाद्या व्यक्तीपुरती, एखाद्या कलमापुरतीही घेता येते. पुकारा व्हायला पाऊण तास होता. टाइप केलेला अर्ज बाजूला ठेवला आणि हाताने दुसरा लिहिला. एकोणीस जणांविरुद्धचा खटला मागे घेण्याची परवानगी मागितली, त्या दोघांची नावं वगळली आणि का वगळली याची कारणं पुढे लिहिली. अक्षर वाकडंतिकडं आलं. खाली सही केली.

पुकारा झाला. अर्ज वाचल्यावर न्यायाधीशांनी मान वर केली. "सरकारच्या पत्रात तर एकवीस नावं आहेत?"

"होय सर. अर्ज मात्र मी माझ्या विचाराने दिला आहे."

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. आरोपींचे वकील उठून उभे राहिले. सरकारच माघार म्हणत असताना सरकारी वकील अडवणार कोण, हा त्यांचा मुद्दा. न्यायाधीशांनी त्यांना पूर्ण बोलू दिलं आणि मग चालकाला पुढे बोलावलं. त्याने हात जोडले. "बसलेल्या लोकांना सोडा साहेब. मारणाऱ्याला मी काय बोलू, तुम्हीच बघा." तेवढंच बोलून तो मागे सरला.

दुपारच्या सत्रात आदेश झाला. दोषारोप आधीच निश्चित झाला होता, त्यामुळे माघारीनंतर एकोणीस जण निर्दोष सुटले. दोन्ही म्हातारे बराच वेळ जागेवरच बसून राहिले, झालं काय ते त्यांना उमगलंच नव्हतं. शेवटी त्यांच्यातल्या एकाने माझा हात धरला आणि नुसता दाबला. दगड मारणाऱ्या दोघांपुरता खटला पुढे चालणार होता.

फोन सायलेंटवर होता. तो मी काढून पाहिला नाही.

संध्याकाळी ऑफिसात चालक परत आला. कोर्टात हजर होतो असा दाखला त्याला हवा होता, डेपोत द्यायला. लिपिकाकडून दाखला करून, शिक्का मारून दिला. त्याने मान वळवून तो शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि खिशातली छोटी डायरी माझ्यासमोर उघडून धरली.

"साक्षीची तारीख हितं लिहून द्या साहेब. जरा मोठ्या अक्षरात."

मी पानभर मोठ्या अक्षरात तारीख लिहिली.