पावतीतली चौथी ओळ

बॉस्टनजवळच्या एका छोट्या फर्ममध्ये मी वंशावळी शोधायचं काम करते. पुण्यात कोणाला सांगितलं की ठरलेला प्रश्न येतो, "म्हणजे दिवसभर कम्प्युटरवर झाडं काढायची?" झाड निघतं सगळ्यात शेवटी. त्याआधी असतात मृत्युपत्रं, कर-याद्या, चर्चच्या वह्या, आणि गिऱ्हाइकाला "असं सिद्ध होत नाही" हे समजावणं. सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो.

हे गिऱ्हाईक ओहायोमधलं. निवृत्त दंतवैद्य, बोलायला अतिशय सज्जन. त्यांना नातीला मेफ्लॉवर वंशजांच्या संस्थेचं सदस्यत्व मिळवून द्यायचं होतं. 1620 साली त्या जहाजातून इंग्लंडाहून अमेरिकेत 102 प्रवासी आले, त्यातले निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले. उरलेल्यांचे वंशज आज लाखोंनी आहेत, पण नुसतं "आमच्या घरात पूर्वापार सांगतात" यावर संस्था कोणाला घेत नाही. दर पिढीचा जन्म, लग्न, मृत्यू आणि मुख्य म्हणजे आई-बापाशी असलेलं नातं कागदावर दाखवावं लागतं. पहिल्या पाच पिढ्या संस्थेनेच चंदेरी कव्हरच्या ग्रंथांत छापून ठेवल्या आहेत, आमच्याकडे त्यांना सिल्व्हर बुक्स म्हणतात. आमचं काम सहाव्या पिढीपासून खाली. आणि गाडी बहुतेक वेळा तिथेच अडते.

इथे ती मेहिटेबलपाशी अडली. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेच्या डोंगराळ गावात तिचं थडगं आहे: अमक्याची पत्नी, मे 1819 मध्ये वारली, वय 77. माहेरचं नाव नाही. लग्नाची नोंद कुठेच नाही. नवरा मूळचा पूर्वेकडचा, प्लिमथ काउंटीतला, म्हणून तिथल्या गावाच्या जन्मनोंदी काढल्या, तर एकाच आडनावाच्या दोन मेहिटेबल निघाल्या, एकमेकींच्या चुलत बहिणी. एक ऑक्टोबर 1741 ची, दुसरी फेब्रुवारी 1741/2 ची.

हा तिरका दांडा पाहून नवखे लोक बिचकतात. 1752 पर्यंत इंग्रजी मुलखात कायद्याने नवं वर्ष 25 मार्चला लागायचं, आपला पाडवा असतो त्याच सुमाराला. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतलं मूल जुन्या हिशेबाने 1741 चं आणि आजच्या हिशेबाने 1742 चं. 1752 मध्ये पंचांग बदललं तेव्हा 2 सप्टेंबरनंतर एकदम 14 सप्टेंबर उजाडला, तो घोळ वेगळाच. थडग्यावरचं 77 दोघींनाही चपखल बसत होतं.

या घराण्याचा एकोणिसाव्या शतकात छापलेला इतिहास आहे. तसे तेव्हा ढिगाने निघाले आणि त्यातल्या बऱ्याच जणांना इंग्लंडातला कुठलातरी सरदार पूर्वज म्हणून हवाच होता. होरेशिओ गेट्स सॉमर्बी, गुस्टाव्ह आन्जू अशा मंडळींनी पैसे घेऊन खोट्या वंशावळी रचून दिल्या, त्या निस्तरण्यात आमच्या धंद्याची हयात चाललीय. या पुस्तकाच्या लेखकाने ऑक्टोबरवाली मेहिटेबल उचलली, कारण तिच्या शाखेला कुलचिन्ह चिकटवता येत होतं. ऑनलाइन झाडांवर शेकडो लोकांनी तेच उतरवून घेतलंय. एकाने लिहायचं, बाकीच्यांनी क्लिक करायचं, आणि मग "इतक्या ठिकाणी आहे म्हणजे खरंच असणार"!

ऑक्टोबरवालीचं लग्न त्याच गावातल्या एका सुताराशी झालं होतं. चर्चच्या वहीत ते स्वच्छ लिहिलंय. म्हणजे उरली फेब्रुवारीवाली. तिचा बाप, गावच्या मिलिशियाचा, म्हणजे नागरिकांच्या फौजेचा कॅप्टन, सिल्व्हर बुकात पाचव्या पिढीत आहे. पण ही नाही म्हणून ती, हा पुरावा होत नाही.

जमिनीच्या खतांत ती सापडणार नव्हतीच. जमीन मुलग्यांना, मुलींना जंगम मालमत्ता, अशी तिथल्या घरांची रीत. मुलगी खतांच्या सूचीत येते ती नवऱ्याबरोबर सही करायला, तीही आली तर. बापाचं मृत्युपत्र तिच्या लग्नाआधीचं, त्यात नुसतं "माझी मुलगी मेहिटेबल". बहुतेक संशोधक इथे थांबतात, कारण कोर्टाच्या कारकुनाने मोठ्या वहीत नकलून ठेवलं ते एवढंच. पण वहीखेरीज प्रत्येक मयताचं एक पुडकं असतं, सुट्या कागदांचं. प्लिमथ काउंटीची ही पुडकी आता स्कॅन झाली आहेत, आणि मी नवीन मुलांना कंठशोष करून सांगते की आधी पुडकं उघडा. त्यात उधारीच्या चिठ्ठ्या असतात, शवपेटीचं बिल असतं, शेजारच्या तिघांनी घरात खोलीखोलीतून फिरून केलेली मालाची यादी असते. आणि वारसांच्या पावत्या असतात.

1763 ची पावती तळहाताएवढ्या चिठोऱ्यावर आहे. शाई तपकिरी झालेली, घडीवर कागद विरलेला. मेहिटेबलचा नवरा लिहून देतो की सासऱ्याच्या मालमत्तेतला माझी पत्नी मेहिटेबल हिचा वाटा मला पोचला. खाली सही, नावापुढे ज्युनियर. (हा ज्युनियर बापाचा मुलगाच असतो असं नाही, गावात त्याच नावाचा वयाने मोठा माणूस असला की धाकटा आपोआप ज्युनियर.) मुलगी, जावई आणि सासरा एका कागदावर! उभ्या पुराव्यात हे तिघं एकत्र आलेले दुसरं ठिकाण नाही. मी खुर्चीतून उठून दोन्ही हात वर केले, हेही सांगून टाकते.

मग वाटा काय मिळाला ते वाचलं. एक गाय. एक पिसांची गादी, पांघरुणांसकट. एक बिडाचं भांडं. एक निग्रो मुलगी, नाव फ्लोरा.

मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामी होती हे मला माहीत होतं. 1641 च्या तिथल्या कायद्यातच तिला जागा होती. मालाच्या यादीत गुरांच्या आसपास माणसांची नावं मी अनेकदा वाचली आहेत. इथे वेगळं हे होतं की ही ओळ आमच्या पुराव्याच्या कागदातच होती. ती वगळली तर उरलेल्या पावतीने नातं सिद्ध होतच होतं, पण अर्जाला कागदाची प्रत जोडावी लागते, आणि प्रतीत चौथी ओळ येणारच.

कॅप्टनच्या यादीत फ्लोराची किंमत गायीच्या काही पट लावली आहे. त्या गावच्या चर्चच्या वहीत 1757 सालचा एक बाप्तिस्मा आहे, "फ्लोरा, कॅप्टनच्या घरची निग्रो तान्ही". आईचं नाव लिहायची पाद्रीबुवांना गरज वाटली नाही. ही तीच असेल, आणि घर, नाव, काळ सगळं जुळतंय, तर पावतीच्या वेळी ती सहा वर्षांची होती.

सुपरवायझर म्हणाली, "क्लायंटने मेहिटेबल मागितलीय. पावतीचा दाखला दे आणि पुढे चल." बाई कामाला वाघ, पण तासांचा हिशेब तिच्या डोळ्यांपुढून हलत नाही. मी अहवालात पावती अक्षरशः उतरवली, चारही ओळी, आणि बाप्तिस्म्याची नोंद तळटीपेत घातली.

डॉक्टरांचा फोन आला. बराच वेळ हवापाण्याचं बोलले. मग, "दुसरा एखादा कागद नाही का मिळणार?" नाही म्हटलं. "फोटोतला फक्त सहीचा भाग कापून लावला तर?" तसं संस्था घेत नाही आणि मीही देणार नाही, असं सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या नातीला हे सांगायचं कसं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या कामात ते येतही नाही, असं तेव्हा स्वतःला समजावलं.

त्यांच्याकडे बोट दाखवणं सोपं आहे. पण याच काळात पुण्यात कुणबिणींची, म्हणजे घरात राबवायच्या गुलाम बायकांची, खरेदी-विक्री चालू होती, पेशवे दफ्तरात किमतीसकट त्याचे कागद आहेत. आपले जाडजूड कुलवृत्तांत कोणी पेशव्यांकडून इनाम मिळवलं ते पानभर सांगतात. घरात कुणबीण होती, तिचं नाव अमुक, असं मी तरी अजून कुठल्या कुलवृत्तांतात वाचलेलं नाही.

अर्ज पूर्ण प्रतीसह गेला, मंजूर झाला. काही महिन्यांनी डॉक्टरांनी थँक्सगिव्हिंगला नातेवाइकांत वाटलेली छोटी पुस्तिका मला पाठवली, आभाराच्या सुंदर पत्रासकट. मेहिटेबलच्या पानावर पावती दिली आहे. त्यात लिहिलंय: एक गाय, एक पिसांची गादी, एक बिडाचं भांडं आणि इतर जिन्नस.

खोटं काहीच नाही. त्या काळच्या कायद्याने ती जिन्नसच होती. त्या दोन शब्दांनी मला जितका राग आला तितका मूळ पावतीनेही आला नव्हता, आणि त्याच पाकिटातलं पत्र इतकं मनापासून लिहिलेलं होतं की उलट काही लिहायला हात उचलला नाही.

मी फ्लोराच्या मागे लागले आहे. 1771 च्या कर-यादीत 14 ते 45 वयाचे "सर्व्हंट्स फॉर लाइफ", म्हणजे जन्मभराचे चाकर, गुलामच, मोजायला वेगळा रकाना होता. मेहिटेबलच्या नवऱ्यापुढे तिथे एकचा आकडा आहे. फ्लोरा तेव्हा नुकती चौदाची झाली असणार. 1780 ची मॅसॅच्युसेट्सची राज्यघटना आली, 1783 मध्ये क्वॉक वॉकर या गुलामाच्या खटल्यात न्यायमूर्ती कुशिंग यांनी ज्युरीला सांगितलं की या घटनेपुढे गुलामी टिकत नाही. 1790 च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्सने गुलामांच्या रकान्यात शून्य भरलं. त्याच जनगणनेत डोंगरातल्या त्या घरात "इतर स्वतंत्र व्यक्ती" एक आहे. कुटुंबप्रमुख सोडून कोणाचंही नाव लिहायची पद्धत 1850 पर्यंत नव्हती, त्यामुळे तो एक म्हणजे कोण हे त्या कागदावरून कळायचं नाही.

पुढचा रस्ता नॉर्थॅम्प्टनच्या कोर्टातून जातो, मेहिटेबलच्या नवऱ्याच्या पुडक्यातून. शिवाय त्या काळी गावं गरीब उपऱ्यांना "इथून निघा" अशा नोटिसा बजावायची, त्या याद्याही चाळायच्या आहेत. आडनाव माहीत नसताना नुसत्या "फ्लोरा"वर शोधणं जिकिरीचं आहे, पण याद्यांमध्ये अशा बायका पहिल्या नावानेच येतात, हा एक आधार.

फर्मच्या सिस्टीममध्ये मी तिच्या नावाने फाइल उघडली. परवा सुपरवायझरने विचारलं, यावरचे तास कोणाच्या नावावर टाकायचे? मी म्हटलं, सध्या माझ्या.