निवृत्तीच्या तोंडावर आलेले दोषारोपपत्र

साताऱ्यातील एका शासकीय कार्यालयातून भांडारपाल म्हणून निवृत्त व्हायला जेमतेम महिना उरला असताना मला विभागीय चौकशीचे दोषारोपपत्र बजावण्यात आले. प्रकरण जवळपास नऊ वर्षांपूर्वीच्या सिमेंटच्या साठ्यातील तुटीचे होते आणि मधल्या काळात माझ्याकडून साधा खुलासाही मागवला नव्हता.

ही घाई कशासाठी, ते नियम वाचल्यावर कळले. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधील नियम 27 प्रमाणे निवृत्तीनंतर चौकशी सुरू करायची तर शासनाची मंजुरी लागते आणि चार वर्षांहून जुनी घटना घेता येत नाही. निवृत्तीपूर्वी दोषारोपपत्र दिले असेल, तर मात्र तीच चौकशी पुढे चालू राहते. म्हणून वर्षानुवर्षे कपाटात पडलेली नस्ती शेवटच्या महिन्यात बाहेर निघते आणि मुदत साधली की पुन्हा थंडावते. नियम 130 नुसार मला तात्पुरते निवृत्तिवेतन मिळू लागले, पण उपदान (ग्रॅच्युइटी) रोखले गेले आणि अंशराशीकरणही, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग एकरकमी घेणेही, करता येईना. घरकर्जाची बाकी त्याच रकमेतून फेडायची होती, ती तशीच राहिली.

चौकशीत माझी बाजू मांडायला बचाव सहायक म्हणून कोरेगावचे एक सेवानिवृत्त सहकारी लाभले. दोषारोपपत्राच्या जोडपत्र 3 मधला, म्हणजे पुराव्याच्या यादीतला, प्रत्येक कागद मुळातून पाहायचा, झेरॉक्सवर भागवायचे नाही, हा त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा आग्रह होता. साठा नोंदवही अखेर पुढ्यात आली तेव्हा ओल लागून तिची पाने एकमेकांना चिकटली होती. ती हलक्या हाताने सोडवल्यावर मी कार्यभार सोडला त्या दिवशीची पूर्ण शिल्लक आणि खाली कार्यभार घेणाऱ्याची सही दिसली. झेरॉक्समध्ये नेमके हेच पान नव्हते. ती सही ओळखू शकणारे साक्षीदार मात्र तोवर वारले होते. तूट खरोखर झाली असेल, तर त्याच वर्षी तपास झाल्यास शासनाचे पैसेही वसूल झाले असते.

विभागीय चौकशी शक्यतो सहा महिन्यांत आणि अगदीच न जमल्यास एका वर्षात संपवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रेमनाथ बाली प्रकरणात डिसेंबर 2015 मध्ये सांगितले आहे. त्या निर्णयाची प्रत जोडून मी लेखी अर्ज देत राहिलो, प्रत्येकाची पोच घेतली, आणि मगच तारखा नियमित लागू लागल्या.

दोषारोप सिद्ध होत नाहीत, असा अहवाल आला. अंतिम आदेशानंतर उपदान खात्यावर जमा झाले असून विलंबाच्या व्याजासाठी केलेल्या अर्जावर निर्णय व्हायचा आहे.