एकशे बाराव्या जोडाचा आलेख

आंध्रच्या किनारपट्टीवर, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या एका वायुविहिरीत ट्यूबिंग, म्हणजे वायू वर आणणाऱ्या जोडलेल्या नळ्या, उतरवताना जोडांची तपासणी माझ्याकडे होती. तळाशी तापमान १५० अंश सेल्सियसच्या वर आणि दाब १०,००० पीएसआयच्या पुढे असल्याने साध्या गोल आट्यांवर विसंबण्याची सोय नव्हती. त्या आट्यांत मळसूत्री फट राहतेच. ती डोप नावाच्या दाट ग्रीसने बुजते आणि उष्णतेने ग्रीस सुकले की वायूला वाट मिळते. म्हणून आमच्या १३ टक्के क्रोमियमच्या नळ्यांच्या जोडांत धातूवर धातू दाबून बसणारे सील होते आणि पिन, म्हणजे नळीचे बाहेरून आटे असलेले टोक, टेकायला खांदा होता.

घट्ट बसवलेला जोड पुढे सैल का पडावा, असे मला अनेकदा विचारले जाते. पोलादाची ४,००० मीटर लांब नळी सरासरी ६० अंशांनी तापली, तर जवळजवळ तीन मीटर वाढू पाहते. तिला विहिरीत घट्ट अडकवणाऱ्या पॅकरने धरून ठेवल्यामुळे ती वाढू न शकता दाबली जाते आणि विहीर थोपवण्यासाठी थंड द्रव सोडला की तीच नळी ताणली जाते. अशा जोडांच्या चाचणीचे आंतरराष्ट्रीय मानक असलेल्या आयएसओ १३६७९ च्या २००२ च्या आवृत्तीत सर्वांत कडक श्रेणीसाठी आठ नमुने १८० अंशांपर्यंत असेच छळून पाहत. पण ते नमुने स्वच्छ प्रयोगशाळेत जोडलेले असतात.

एकशे बाराव्या जोडाला पडद्यावर टॉर्कची, म्हणजे पिळण्याच्या जोराची, रेघ खांदा टेकण्याआधीच झटके घेत चढली. शेवटचा आकडा मात्र मर्यादेत होता. "साहेब, आकडा बरोबर आहे, पुढची नळी घेऊ," असे टाँगवरच्या, म्हणजे नळी फिरवून आवळणाऱ्या यंत्रावरच्या, पर्यवेक्षकाने सांगितले. मी जोड उलगडायला लावला. पिनच्या टोकाजवळच्या चकचकीत सीलवर, परिघाच्या दिशेने, नखाला अडेल इतका खोल ओरखडा होता आणि त्याच्या शेवटी धातूची बारीक गुठळी साचली होती. बॉक्समध्ये, म्हणजे पिन ज्यात शिरते त्या आतून आटे असलेल्या तोंडात, साठवणीचे जुने ग्रीस तसेच राहिले होते आणि बोटांवर चोळताच त्यातली वाळू लागली.

मग मी आधीचे सगळे आलेख पुन्हा पाहिले. एकशे चौथ्याची रेघ तशीच होती. आठ नळ्या वर काढण्यावरून बराच वाद झाला, परंतु उघडल्यावर तिथेही सील ओरबाडलेले निघाले. त्यानंतर रॅकवरची प्रत्येक पिन आणि प्रत्येक बॉक्स सॉल्व्हंटने धुऊन, हवेने सुकवून, भिंगाखाली पाहून मगच डोपचा पातळ थर लावला; नळी सरळ उभी राहिल्याशिवाय फिरवायची नाही आणि शेवटचे फेरे अगदी सावकाश द्यायचे, असे ठरले. क्रोमियमचे पोलाद घाईत चटकन चिकटते. वेळापत्रक मागे पडले, याचे मला वाईट वाटले नाही.

ट्यूबिंगने दाबचाचणीत दाब धरला. विहीर सुरू झाल्यावर ट्यूबिंग आणि तिच्याबाहेरच्या केसिंग नावाच्या मोठ्या नळीमधल्या पोकळीचा दाब मी सहा महिने मागवून घेत होतो; त्यात वायू शिरल्याची खूण एकदाही आढळली नाही.