मूढाची बाजू: खिंडीपलीकडे, अन्सेल्मच्या गावाला पायी

जूनमधल्या एका रविवारी चर्चमधल्या मिस्साहून घरी आलो, जेवायला बसलो आणि भात वाढून घेता घेता माझी पंधरा वर्षांची लेक अगदी शांतपणे म्हणाली, "मम्मी, मला नाही वाटत देव आहे. पुढच्या रविवारपासून मी नाही येणार." आणि मी ओरडले. मूर्खासारखं बोलू नको, काही गोष्टी विचारायच्या नसतात, मानायच्या असतात. ती ताट घेऊन उठून गेली. मला मात्र माझ्याच तोंडून निघालेलं ते वाक्य ओळखीचं वाटलं, कारण नऊ वर्षांची असताना धर्मशिक्षणाच्या वर्गात मी विचारलं होतं की सगळं देवाने केलं तर देवाला कुणी केलं, तेव्हा हेच ऐकलं होतं आणि वर तळहातावर लाकडी पट्टी बसली होती. तीच पट्टी मी आता लेकीवर उगारली होती, फक्त तोंडाने. दोन दिवस मला झोप नाही.

माझं माहेर श्रीरामपूर तालुक्यातलं. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाऊलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला आजी आम्हा पोरांना पायी न्यायची, हातात जपमाळ, फडक्यात भाकरी आणि ठेचा, आणि ती त्याला यात्रा म्हणायचीच नाही, माऊलीची वारी म्हणायची, शेजारचे पंढरीला जाताना म्हणायचे तसंच. म्हणून मनात काही अडकलं की माझे पाय आपोआप चालायचं बघतात. आता गेली अकरा वर्षं आम्ही स्वित्झर्लंडमधे, लोझानजवळ. पॅरिशमधल्या वयस्कर फादरांना सगळं सांगितलं तर ते म्हणाले, लेकीशी बोलायच्या आधी अकराव्या शतकातल्या संत अन्सेल्मचं प्रोस्लोगिऑन वाच, देव आहे हे विचाराने सिद्ध करू पाहणारं पुस्तक, छोटंसं आहे, २६ प्रकरणं, आणि जमलं तर त्याच्या गावाला, आओस्ताला, जाऊन ये, ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीच्या पलीकडे इटलीतच तर आहे.

ऑगस्टच्या शेवटी तीन दिवस सुट्टी टाकली. बूर-सें-पिएरपर्यंत ट्रेन आणि बस, तिथून पायी. ही इंग्लंडमधल्या कँटरबरीहून रोमला जाणारी जुनी वाट, व्हिया फ्रान्चिजेना. इ.स. ९९० मधे कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक रोमहून परत जाताना त्याने वाटेतल्या ७९ मुक्कामांची यादी लिहून ठेवली, त्यावरून आज हा रस्ता आखलाय. त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १०९३ मधे, त्याच गादीवर अन्सेल्म बसला, आणि अन्सेल्मचा जन्म १०३३ चा, याच वाटेवरच्या आओस्ताचा. म्हणजे या रस्त्याच्या कडेला तो जन्मला आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला ११०९ मधे वारला, हे नकाशावर बोट फिरवताना लक्षात आलं आणि अंगावर काटा आला.

पहिला दिवस नुसता चढ. आधी तूलचं धरण, त्याच्या पाण्यावर तरंगती सोलर पॅनल्स, मग झाडं संपतात आणि दगड, गवत, वारा. साधारण १३ किलोमीटर, पण मला सहा तास लागले. वर २,४६९ मीटरवर ग्रेट सेंट बर्नार्डची धर्मशाळा, सन १०५० च्या आसपास संत बर्नार्डने सुरू केलेली, आणि तेव्हापासून बर्फात अडकलेल्यांना आसरा द्यायचं काम आजपर्यंत चालूच आहे. संत ऑगस्टीनच्या नियमाने राहणारे धर्मगुरू ती चालवतात. त्यांचं ब्रीद लॅटिनमधे आहे, अर्थ असा की इथे ख्रिस्ताची आराधना होते आणि ख्रिस्ताला जेवू घातलं जातं. दारात आलेला भुकेला म्हणजे ख्रिस्तच. मला गरम चहा मिळाला, मग सूप आणि ब्रेड, कुणी विचारलं नाही तुझी श्रद्धा किती पक्की आहे.

रात्री खाली तळघरातल्या चॅपेलमधे प्रार्थनेला बसले, नंतर खोलीत येऊन पुस्तक उघडलं. अन्सेल्म दुसऱ्या प्रकरणात बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं वाक्य घेतो, मूढ आपल्या मनात म्हणतो, देव नाही. तो शब्द वाचला आणि मला माझं जेवणाचं टेबल दिसलं. पण मी त्या शब्दावर थांबले होते, अन्सेल्म तिथून सुरू करतो. तो मूढाला हाकलत नाही, त्याच्याशी बोलायला बसतो. तो म्हणतो, देव म्हणजे ज्याच्याहून मोठं काही कल्पनेत आणताच येत नाही ते. हे शब्द मूढालाही कळतात, म्हणजे निदान त्याच्या मनात तरी ते आहे. पण नुसतं मनात असण्यापेक्षा प्रत्यक्षात असणं मोठं, मग ते जर फक्त मनातच असेल तर त्याच्याहून मोठं काही कल्पिता येईल, आणि हे तर आपल्याच व्याख्येला धरून नाही. म्हणून ते प्रत्यक्षातही आहे.

मी हे चार वेळा वाचलं. खरं सांगते, मला ते पूर्ण पटत नाही. कुठेतरी शब्दातून वस्तू बाहेर काढल्यासारखं वाटतं. आणि असं वाटणारी मी पहिली नाही. अन्सेल्म हयात असतानाच गौनिलो नावाच्या फ्रान्समधल्या एका मठवासीयाने मूढाच्या वतीने उत्तर लिहिलं. तो म्हणाला, मग मी एका हरवलेल्या बेटाची कल्पना करतो, सगळ्यात उत्तम बेट, तुझ्या हिशोबाने तेही कुठेतरी असलंच पाहिजे. लक्षात घ्या, हा माणूस नास्तिक नव्हता, मठात राहणारा, रोज प्रार्थना म्हणणारा होता, आणि तरी त्याला वाटलं की मूढाची बाजू कुणीतरी नीट मांडली पाहिजे. अन्सेल्मने उत्तर दिलं की हा युक्तिवाद बेटाला लागू होत नाही, फक्त ज्याच्याहून मोठं काही नाही त्यालाच लागू होतो. पण मला त्या उत्तरापेक्षा त्याने पुढे जे केलं ते महत्त्वाचं वाटतं. त्याने सांगितलं की यापुढे माझं पुस्तक उतरवाल तेव्हा गौनिलोचा आक्षेप आणि माझं उत्तर दोन्ही त्याला जोडून उतरवा. पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या मोठ्या धर्मपंडितानेही हा युक्तिवाद नाकारला आणि म्हणून कुणी त्याची श्रद्धा कच्ची म्हटली नाही, अन्सेल्म आणि तो, दोघेही चर्चचे आचार्यच आहेत. इतकी शतकं माझ्या धर्मात हे एवढं मोकळं चाललंय आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पट्टी तेवढी घेऊन आले होते.

दुसऱ्या दिवशी सीमा ओलांडून इटलीत उतरायला लागले. उताराने गुडघे बोलतात. सें-रेमी, मग एत्रूब्ल, दगडी छपरांची गावं, गायींच्या गळ्यातल्या घंटा लांबून ऐकू येतात. एत्रूब्लला एका दुकानात ब्रेड मागितला तर बाईंनी राईचा काळा ब्रेड दिला, पान नेर म्हणतात त्याला, वजनाला दगडासारखा, वास आंबूस, दात लावून तोडावा लागतो. पूर्वी गावाच्या सामायिक भट्टीत वर्षातून एकदाच भाजायचे आणि वर्षभर तोच खायचे. मी कट्ट्यावर बसून तो खात होते आणि अन्सेल्मच्या लहानपणची गोष्ट एकदम वेगळी दिसली.

ती गोष्ट त्याचा शिष्य इडमर याने लिहून ठेवलीय. आईच्या तोंडून छोट्या अन्सेल्मने ऐकलं की वर स्वर्गात एक देव आहे आणि तो सगळं चालवतो. डोंगरातलं पोर, त्याला वाटलं आभाळ डोंगरांवर टेकलंय तर देवाचा वाडाही तिथेच असणार, चढून गेलं की झालं. मग एका रात्री स्वप्नात तो खरंच चढून गेला. वाटेत राजाच्या शेतात बाया कापणी करत होत्या, पण अगदी आळसात. वर वाड्यात देव आणि एक कारभारी एवढेच, बाकी सगळे सुगीला गेलेले. देवाने त्याला जवळ बसवलं, तू कोण, कुठला, काय पाहिजे सगळं विचारलं, पोराने उत्तरं दिली, आणि मग कारभाऱ्याने त्याला पांढराशुभ्र ब्रेड आणून दिला. आमच्याकडे आजीच्या घरी रोज बाजरीची भाकरी, गव्हाची पोळी फक्त नाताळला आणि इस्टरला, ती पांढरी मऊ पोळी हातात आली की आम्हाला खरंच स्वर्ग वाटायचा. काळी भाकर खाणाऱ्या डोंगरातल्या पोराच्या स्वप्नात देव पांढरी भाकर देतो यात मला नवल नाही वाटलं. आणि अजून एक, त्या स्वप्नात प्रश्न विचारणारा देव आहे. आईने सांगितलेलं पोराने नुसतं मान डोलवून घेतलं नाही, ते खरं आहे का बघायला डोंगर चढला. यालाच पुढे त्याने नाव दिलं, समज शोधणारी श्रद्धा. प्रोस्लोगिऑनचं आधीचं नाव तेच होतं.

त्याच कट्ट्यावरून लेकीला मेसेज केला. तुला देव नाही असं का वाटतं ते सगळं लिहून पाठव, मी मधे बोलणार नाही, मग मी माझं लिहीन, दोन्ही एकाच वहीत ठेवू. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

तिसऱ्या दिवशीची वाट पाटाच्या कडेने. तिकडे त्याला रू म्हणतात, डोंगरातलं पाणी शेतांना न्यायला शेकडो वर्षांपूर्वी काढलेले पाट, इतका मंद उतार की पाणी चालतंय की उभं आहे कळत नाही. प्रवरेच्या पाटावर वाढलेल्या माणसाला हे बघून घरी आल्यासारखं वाटतं. त्या सावलीत चालताना इडमरनेच लिहिलेली दुसरी एक हकिकत डोक्यात घोळत होती. एक मठाधिपती अन्सेल्मकडे रडगाणं घेऊन आला की आमच्याकडची मुलं रात्रंदिवस मारलं तरी सुधारत नाहीत. अन्सेल्म म्हणाला, बागेत रोप लावलंस आणि चारी बाजूंनी असं कोंडलंस की त्याला फांदीच पसरता येऊ नये, तर वर्षाने काढल्यावर कसलं झाड निघेल? अकराव्या शतकात बोललाय हे. मी तिथे पाटात हात घालून थोडा वेळ बसले, पाणी बर्फासारखं गार, आणि रडले, स्वतःसाठी पण आणि तिच्यासाठी पण.

आणि माझ्या श्रद्धेचं काय, तर तीही या पुस्तकाने हलवली. देव आहे हे सिद्ध केल्यावर, चौदाव्या प्रकरणात, अन्सेल्म देवालाच विचारतो की तू सापडलास तर मग माझ्या जिवाला तू जाणवत का नाहीस. पंधराव्यात म्हणतो की तू विचारात मावण्यापेक्षाच मोठा आहेस. बुद्धीने जाता येईल तितकं जाऊन तो तिथे उभा आहे आणि तरी बोलतोय त्याच्याशीच, अख्खं पुस्तक प्रार्थनाच आहे. समजलं म्हणून मी विश्वास ठेवीन असं नाही, विश्वास ठेवतो तो समजावं म्हणून, हे त्याचं वाक्य. मी आजवर समजावं म्हणून काहीच केलं नव्हतं, फक्त राखण केली होती.

दुपारी आओस्तात उतरले. ऑगस्टसच्या कमानीपासून रोमन वेशीपर्यंत सरळ जाणारा रस्ता अन्सेल्मच्याच नावाचा आहे, दुकानं, आईस्क्रीम, गर्दी. तिथे मोबाईल वाजला. लेकीचा लांबलचक मेसेज, फ्रेंचमधे, सात मुद्दे. पहिला असा की आजी रोज जपमाळ म्हणायची तर शेवटी तिला एवढं का दुखलं. आजी म्हणजे माझी आई, दोन वर्षांपूर्वी गेली. सगळ्यात उत्तम बेटाचा आणि याचा काही संबंध नव्हता. मी रस्त्यातच उभी राहिले.

एका दुकानातून रेघांची वही घेतली आणि डाव्या पानावर तिचं सगळं मराठीत उतरवलं, काही गाळलं नाही. परतीच्या बसमधे उजव्या पानावर दोन ओळी लिहिल्या, बोगदा संपेपर्यंत खोडल्या. रात्री घरी पोचल्यावर वही तिच्यापुढे ठेवली. मराठी वाचायला तिला वेळ लागतो, ओळीखाली बोट धरून तिने सगळं वाचलं, मग पेन मागितलं आणि पहिल्या मुद्द्यात मी लिहिलेलं "त्रास झाला" खोडून तिथे "दुखलं" लिहिलं.