थायलंडला शिकवायला निघालात? आधी पुण्याचं काम उरका

थायलंडच्या शाळेत इंग्रजी शिकवायला जायचं असेल तर पदवीचं साक्षांकन (म्हणजे पदवी खरी असल्याचे सरकारी शिक्के) हातात पडल्याशिवाय नाशिक सोडू नका. एवढं एक ऐकलंत तरी माझं लिहिणं सार्थकी लागलं.

मला आपल्याच शहरातल्या एका एजंटने सांगितलं होतं, "मॅडम, पर्यटक म्हणून जा. व्हिसा तिथे बदलून मिळतो, सर्टिफिकेटची झेरॉक्स चालते." त्याचे पैसेही घसघशीत होते. झेरॉक्स कुठेच चालत नाही. वर्गात उभं राहायला नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे नोकरीसाठीचा व्हिसा आणि वर्क परमिट लागतं, आणि दोन्हीसाठी मूळ कागद मागतात. पर्यटक म्हणून जाऊन शिकवणं सरळसरळ बेकायदा आहे.

हे मला थायलंडमधल्या खोन केन शहरात, शाळेच्या ऑफिसात बसल्यावर कळलं. पदवी नाशिकला, कपाटात. मग दादाची वणवण सुरू झाली. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांप्रमाणे माझीही पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. पुण्याला जायला थेट लोहमार्ग नाही, म्हणजे सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत एसटी, आणि चाकणला ट्रॅफिकमध्ये जीव आंबतो. विद्यापीठाची पडताळणी झाली की राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय. त्यासाठी पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई. एक शिक्का राहिला तर पुढचा मिळत नाही. आई रोज फोनवर विचारायची आणि मला काही सांगता यायचं नाही. तेवढे दिवस पगार शून्य, खोलीचं भाडं मात्र चालू.

कागद आले तेव्हा बी व्हिसासाठी शेजारच्या लाओसमधल्या थाई वकिलातीत जावं लागलं. रात्रीची बस, नोंग खाईचा मेकाँगवरचा मैत्री पूल (1994 सालचा), पलीकडे लाओसची राजधानी व्हिएंतियान. पुलावरच्या रांगेत, त्या उकाड्यात, मी अक्षरशः रडकुंडीला आले होते. हा फेरा तुम्हाला टाळता येतो. बी व्हिसा भारतातूनच घेऊन निघा. अपोस्टिल (परराष्ट्र मंत्रालयाचा परदेशात चालणारा शिक्का) पुरेल की वकिलातीचं साक्षांकन लागेल, हे शाळेकडून लेखी मागून घ्या. एजंटच्या तोंडी शब्दावर एक रुपया देऊ नका. पोलिस क्लिअरन्स, म्हणजे गुन्हा नसल्याचा पोलिसांचा दाखलाही इथूनच काढा.

आपल्याला तिथे 'नेटिव्ह', म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेले, धरत नाहीत, त्यामुळे टोइक 600 किंवा आयईएलटीएस 5.5 या इंग्रजीच्या परीक्षांचा निकाल मागतात. पगारही त्याच कामाला ब्रिटिश पासपोर्टवाल्यापेक्षा कमी सांगतात. हा अन्याय आहे, आणि जायच्या आधी आकडा करारात बघून घ्या. बी.एड. असेल तर तीही पदवी साक्षांकित करून न्या. नसेल तर थायलंडच्या शिक्षक परिषदेकडून शिक्षक परवान्यातून तात्पुरती सूट मिळते, ती शाळेने काढायची असते. खोली घेताना वीज युनिटमागे किती लावणार ते आधी विचारा. घरमालक सरकारी दरापेक्षा बरंच जास्त लावतात.

व्हिसा मिळाल्यावरही दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. विसरलात तर दंड. सुट्टीत नाशिकला यायचं झालं तर आधी री-एंट्री परमिट, म्हणजे त्याच व्हिसावर परत येण्याची परवानगी, काढा, एकवेळचं 1000 बाट. ते न काढता देश सोडला तर व्हिसा रद्द, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

आणि एवढं सगळं होऊनही सांगते, जा! सकाळी आठला राष्ट्रगीत होतं, मुलं चपला-बूट दाराबाहेर काढून आत येतात आणि चाळीस गळे एका सुरात "गुड मॉर्निंग टीचर" म्हणतात. प्रथोमच्या, म्हणजे प्राथमिकच्या, मुलांना व्याकरण देऊ नका. ती चुकायला घाबरतात. एकेकट्याला उभं केलं की गप्प होतात. आधी सगळ्यांकडून, मग बाकानुसार, मग जोडीने म्हणवून घ्या. हातवारे करून, उड्या मारून शिकवा. शब्दाच्या शेवटचा 'स' ती गिळतात, 'र'चा 'ल' होतो. रोज पाच मिनिटं फक्त तेवढंच घ्या. माझ्या वर्गात सगळ्यात मागे बसणारी एक पोरगी 'हाउस' शेवटच्या 'स'सकट म्हणाली, त्या दिवशी मी हॉस्टेलपर्यंत जवळजवळ पळतच गेले. मुलांच्या डोक्यावरून मात्र हात फिरवू नका, तिथे डोकं पवित्र मानतात.

शाकाहारी असाल तर भाजीच्या डिशमध्येही फिश सॉस असतो. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं दिसली की ते 'जे' म्हणजे शुद्ध शाकाहारी दुकान. तिथे डोळे झाकून जेवा, फक्त कांदा-लसूण मिळणार नाही. गोडा मसाला घरूनच न्या.

पहिलं सत्र मेच्या मध्याला सुरू होतं. त्या हिशेबाने पुण्याची फेरी दिवाळीनंतर लगेच करा.