टेबलाला इस्त्री करतात का गं?

या शिमग्याला पाच वर्षांनी घरी आले. पालखी खळ्यात नाचून गेली, ओटी भरून झाली, मुंबईकर पाहुणे एसटीने परतले आणि गुहागरच्या आमच्या पडवीत मी आणि अण्णा दोघंच उरलो. अण्णा म्हणजे माझे थोरले काका, वय अठ्ठ्याहत्तर. मागे पोफळीची वाडी आणि तिच्यापलीकडे समुद्राची गाज. जानेवारीत लंडनमध्ये स्नूकरचा, म्हणजे टेबलावर काठीने बॉल पॉकेटमध्ये घालवायच्या खेळाचा, सामना बघितला होता, त्याबद्दल मी त्यांना सांगायला लागले. हे सगळं खरं तर तेव्हाच लिहायचं होतं. हॉस्पिटलच्या ड्युट्यांमध्ये राहून गेलं, आणि ते बरंच झालं. अर्धी गोष्ट इथे पडवीत होती.

स्पर्धेचं नाव मास्टर्स. इथे नाव नोंदवून जाता येत नाही, पात्रता फेरीही नसते. बोलावणं यावं लागतं, आणि ते येतं जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या सोळा जणांनाच. सतरावा कितीही तयारीचा असला तरी त्याने घरीच बसायचं, सोळातल्या कुणी माघार घेतली तरच त्याला दार उघडतं. 2025 मध्ये तसंच झालं. ही स्पर्धा विक्रमी आठ वेळा जिंकलेल्या रॉनी ओसुलिवनने तब्येतीमुळे माघार घेतली आणि त्याच्या जागी नील रॉबर्टसन आला. इथे जिंकून क्रमवारीत एक गुणही वाढत नाही, तरी ही स्पर्धा जिंकायची प्रत्येकाची इच्छा असते. सुरुवात 1975 ची. पहिल्या वर्षी जॉन स्पेन्सरने रे रीअर्डनला 9-8 असं शेवटच्या फ्रेममध्ये (फ्रेम म्हणजे एक डाव) हरवलं होतं.

2012 पासून, 2021 चा अपवाद सोडला तर, ही स्पर्धा अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये होते. वूड ग्रीनहून डब्ल्यू-3 बस टेकडी चढते आणि वर पोचलं की अख्खं लंडन पायाशी पसरलेलं दिसतं. ही इमारत 1873 मध्ये उघडली आणि सोळाच दिवसांत जळाली. पुन्हा बांधून उघडली ती 1875 मध्ये. त्याच 1875 साली इकडे जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर जास्तीचे रंगीत बॉल मांडून नवा खेळ काढला, असं सांगतात. (पुढे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते हे नव्हेत.) आपल्या मुलखात जन्मलेला खेळ मी साता समुद्रापार तिकीट काढून बघत होते, हे त्या बसमध्ये सारखं मनात येत होतं.

आत हजारभराहून जास्त माणसं आणि मध्ये एकच टेबल. सगळीकडे काळोख, फक्त त्या हिरव्या कापडावर उजेड. खेळाडू वेस्टकोट आणि बो टायमध्ये, रेफ्रीच्या हातात पांढरे मोजे. कुणाचा मोबाइल वाजला की रेफ्री मान वर करून बघतो, एवढंच, पण त्या माणसाच्या आजूबाजूची अख्खी रांग अवघडते. माझ्या शेजारच्या आजोबांनी कानात छोटा रेडिओ लावला होता, त्यावर समालोचन ऐकू येतं.

अंतिम सामन्याआधी सगळे सामने अकरा फ्रेमचे, म्हणजे आधी सहा जिंकेल तो पुढे. मी बघितलेल्या सामन्यात एका फ्रेममध्ये बराच वेळ एकही बॉल पॉकेटमध्ये गेला नाही. एकाने पांढरा बॉल हळूच परत आणून ब्राऊनच्या मागे असा ठेवला की समोरच्याला आधी मारायचा तो लाल बॉल एकही सरळ दिसेना. तो वाकला, उठला, टेबलाला एक फेरी मारून आला, क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकावरच्या टीपला खडू लावला, पुन्हा वाकला. शेवटी दोन कुशन घेऊन, म्हणजे टेबलाच्या दोन कडांवर आपटवून, मारलं ते लालला न लागता बोटभर अंतरावरून गेलं. रेफ्री म्हणाला, 'फाउल अँड अ मिस.' मग बॉल होते तिथे परत ठेवायचे. स्क्रीनवर आधीचं चित्र बघून रेफ्री पांढरा बॉल केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत होता आणि सगळं सभागृह श्वास धरून बसलं होतं.

इथवर अण्णा गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "स्क्रीनवर बघून ठेवतात होय? आम्ही डोळ्यांत ठेवायचो."

अण्णा 1964 साली, सतराव्या वर्षी मुंबईला गेले. गावचा एक माणूस एका क्लबात कामाला होता, त्याच्या ओळखीने तिथे बिलियर्ड्स रूममध्ये मार्कर म्हणून लागले. (त्याच साली विल्सन जोन्स दुसऱ्यांदा हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. भारताचा पहिला वैयक्तिक जगज्जेता, जन्म पुण्याचा.) अण्णांनी तिथे पंचवीस वर्षं काढली. गुण मोजायचे, पॉकेटमधले बॉल काढून जागेवर लावायचे, क्यू पुसायचे, टीपा बदलायच्या. खेळायची परवानगी नव्हती. आम्हा पोरांना एवढंच ठाऊक होतं की अण्णा 'क्लबात' आहेत, आणि मे महिन्यात आले की कॅरममध्ये त्यांना कुणी हरवू शकत नाही.

"मार्कर अजून असतो का?" त्यांनी विचारलं.

असतो. टेबलापासून जरा बाजूला बसून गुण नोंदवतो, रेफ्रीला मदत करतो, आणि त्या माणसाला आजही मार्करच म्हणतात. मी हे सांगितलं तेव्हा अण्णांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

मग आला तो प्रश्न. "टेबलाला इस्त्री करतात का गं?"

करतात. पण मला त्यातलं एवढंच माहीत होतं, बाकी सगळं अण्णांनी सांगितलं. कापड लोकरीचं. त्याला लव असते आणि ती एकाच दिशेला झोपते, बॉकच्या, म्हणजे जिथून खेळ सुरू होतो त्या टोकाकडून काळ्या बॉलच्या टोकाकडे. आधी ब्रश, मग इस्त्री, दोन्ही त्याच दिशेने. उलटा हात फिरला की लव उभी राहते आणि हळू मारलेला बॉल भलतीकडे वळतो. इस्त्री जड. फार तापली तर कापड जळतं, म्हणून आधी कागदावर टेकवून बघायची. सांगता सांगता त्यांनी पडवीतला कॅरम बोर्ड पुढे ओढला, त्यावर तळहात ठेवला आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ ओढत नेला. हात उचलून परत पहिल्या कडेला आणला. पुन्हा तसाच नेला. परत येताना हात एकदाही बोर्डाला लागला नाही.

"पावसाळ्यात फार हाल," ते म्हणाले. "मुंबईची हवा. सकाळी इस्त्री करावी तर दुपारपर्यंत कापड ओल धरायचं. बॉल चिखलातून गेल्यासारखा. लंडनला तर सदाच पाऊस."

मोठ्या स्पर्धांच्या टेबलाला स्लेटच्या खाली हीटर असतात, कापड कोरडं राहावं म्हणून, हे मी सांगितलं. अण्णा थोडा वेळ बोलले नाहीत. आम्ही लहानपणी श्रावणात कॅरमवर बल्ब खाली ओढून बोर्ड तापवायचो, ती युक्ती त्यांचीच. मग म्हणाले, "हीटर. बरोबर. खालूनच द्यायला हवी ऊब. वरून देऊन काय होणार."

मी त्यांना पॉल हंटरचंही सांगितलं. मास्टर्सच्या ट्रॉफीला 2016 मध्ये त्याचं नाव दिलं. 2001, 2002 आणि 2004, तिन्ही वेळा तो अंतिम सामना 10-9 असा जिंकला, 2004 ला तर 2-7 असा मागे पडून. 2006 मध्ये कॅन्सरने गेला, तेव्हा अठ्ठावीसही पूर्ण नव्हता. मी कॅन्सर वॉर्डात काम करते, त्या वयाची मुलं बघते. त्या ट्रॉफीकडे बघताना माझा गळा दाटून आला होता. अण्णांनी फक्त मान हलवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

2025 च्या स्पर्धेतला 147, म्हणजे एका दमात मिळणारी पूर्ण गुणसंख्या, मात्र माझा बघायचा हुकला. उपांत्य सामन्यात शॉन मर्फीने मार्क अॅलनविरुद्ध पंधरा लाल, पंधरा काळे आणि मग सगळे रंग पॉकेटमध्ये घालवले, आणि पुढे अंतिम सामन्यात कायरन विल्सनला 10-7 असं हरवून दहा वर्षांनी पुन्हा जिंकला. त्या दिवशी मी ड्युटीवर होते, रात्री घरी येऊन मोबाइलवर बघितलं. तेच आता अण्णांना दाखवलं. चष्मा लावून, मोबाइल दोन्ही हातांत धरून त्यांनी छत्तीसच्या छत्तीस शॉट बघितले. माझी नजर बॉल जात होता त्या पॉकेटवर, त्यांची पांढऱ्यावर. शॉट लागायच्या आधीच ते बोट लावून दाखवत होते, "इथे थांबणार बघ." बहुतेक वेळा तिथेच थांबला.

तिथल्या दुकानातून आणलेली निळ्या खडूची वडी मी त्यांना दिली. त्यांनी ती अंगठ्याने घासून बघितली, वास घेतला आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. दिवेलागणीला आत जाताना उंबऱ्यात थांबले.

"पुढच्या जानेवारीत तिकीट काढलंस तर लवकर जाऊन बस. खेळाडू यायच्या आत. ब्रश फिरवायला माणूस येईल, तो कुठल्या टोकाकडून सुरुवात करतो ते बघ. आणि मला फोन कर."