पाठ कोण बघतंय?

दुपारचे तीन, रिक्षा मिळेना, म्हणून चौकातल्या चहाच्या टपरीवर टेकलो. समोर पुतळ्याला रंग देणं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी जयंती. (कुणाची ते सांगत नाही. पुतळ्यांच्या बाबतीत हल्ली गप्प राहिलेलं बरं.) रंगारी शिडीवर चढून, शिडीलाच अडकवलेल्या डब्यातला सोनेरी रंग चेहऱ्यावर, छातीवर, कोटाच्या बटणांवर मन लावून फिरवत होता. बटणं सहा. प्रत्येक बटणाला ब्रश वळवून वेगळा हात. मग खाली उतरला, पँटला हात पुसले आणि शिडी मिटायला लागला.

टपरी पुतळ्याच्या मागच्या अंगाला. तिथून जे दिसत होतं ते जुनंच होतं: काळपट हिरवं, त्यावर कबुतरांची कृपा, कॉलरखाली गेल्या जयंतीच्या हाराचा लोंबता दोरा.

मला राहवलं नाही. म्हटलं, "आणि मागून?"

"पाठ कोण बघतंय साहेब?"

टपरीवाल्यानं गाळणी आपटली. "मी बघतो की! अठरा वर्षं तेवढीच बघतोय. तोंड कसं आहे विचारलंत तर रस्ता ओलांडून बघून यावं लागेल."

मी टपरीवाल्याच्या पक्षातला. पुतळा दिसला की त्याच्या मागे जायचं, ही माझी जुनी खोड आहे. संग्रहालयात मूर्ती भिंतीला टेकवून ठेवलेल्या असतात, तिथं गाल भिंतीला लावून मी फटीतून डोकावतो. अशा माणसाकडे पहारेकरी कसे बघतात ते आता मला पाठ झालंय. त्यांना वाटतं हा काहीतरी चिकटवतोय, नाहीतर उचकटतोय. एकदा एकानं विचारलंच, "काय हरवलंय?" काय सांगणार?

खोडीचं मूळ गणपतीत आहे. आमच्याकडे गणपती शाळेतून यायचा. म्हणजे गणपतीच्या शाळेतून. पाट आधी नेऊन द्यायचा आणि चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी त्या पाटावरची मूर्ती घेऊन यायचं. ती एकदा माटवीखाली (फळं-पानं बांधलेल्या चौकटीखाली) बसली की पाठीमागे जेमतेम वीतभर जागा उरे, आणि तिकडे बघायला सक्त मनाई. "गणपतीची पाठ बघू नये," आजी म्हणायची, "दारिद्र्य येतं." पुढून सगळं ऐश्वर्य आणि मागे दारिद्र्य लपून बसलेलं, हे चित्र मला फारच आवडलं. ते कसं दिसतं ते बघितल्याशिवाय जीव राहीना. दुसऱ्या रात्री भजनाची मंडळी उसळ खायला पडवीत गेली तेव्हा मी बॅटरी घेऊन भिंतीच्या कडेनं आत सरकलो.

दारिद्र्य नव्हतं. पितांबराचा पिवळा रंग कमरेच्या वळणापाशी संपला होता. जानवं खांद्यावरून मागे येता येता हवेत विरलं होतं. त्यापुढे नुसती शाडूची राखाडी, उघडी पाठ. साच्याच्या दोन अर्ध्या भागांचा जोड बाजूनं खाली उतरत गेलेला. मधोमध अण्णांच्या नावाची चिठ्ठी, वर शाईनं लिहिलेलं: "आगाऊ 10, बाकी 15". आणि चिठ्ठीच्या खाली अंगठ्याचा ठसा. माती ओली असताना कुणीतरी मूर्ती धरून उचलली असणार. रेषान् रेषा उमटली होती. पुढून देव होता. मागून तो आमच्या गावच्या मूर्तिकारानं केलेला, पंधरा रुपये बाकी असलेला गणपती होता. मला दोन्ही आवडले. त्या वर्षी आमची म्हैस लवकर आटली आणि त्याचं खरं कारण मी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही.

विसर्जनाला मात्र गणपती डोक्यावरून पुढे जायचा आणि ओढ्यापर्यंत अख्खं गाव त्या उघड्या पाठीमागून टाळ वाजवत चालायचं. मी आजीला विचारलं, आता कसं चालतं? ती म्हणाली, "आता तो जातोय. जाणाऱ्याची पाठच दिसायची." मला तेव्हा ती पळवाट वाटली.

आपल्या भाषेत पाठ किती आहे बघा. कुणी पाठीशी उभा राहतो, कुणी पाठ फिरवतो, पाठची बहीण असते, पाठीवर मारा पण पोटावर मारू नका असतं, आणि पैलवानाची पाठ कधी मातीला लागलेली नसते. शिल्पकारांनी मात्र शतकानुशतकं ती टाळली आहे. लेण्यांत तर सोयच होती. तिथल्या देवांना पाठ नाही, त्यांच्या मागे डोंगर आहे. घारापुरीला पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या त्रिमूर्तीसमोर सगळे हात जोडून किंवा मोबाइल उंचावून उभे होते. आम्ही तिला लहानपणापासून ब्रह्मा-विष्णू-महेश समजत आलो, पण जाणकार सांगतात की ती एकट्या शिवाची, सदाशिवाची मूर्ती आहे, आणि सदाशिवाला तोंडं पाच. मी वाटाड्याला विचारलं, उरलेली दोन कुठायत? त्यानं एक बोट वर दाखवलं आणि मग तळहातानं खडकावर थाप मारली. "एक वर. एक आत." म्हणजे सहाव्या शतकापासून एक चेहरा त्या डोंगराच्या पोटात बघत बसला आहे. तो कोरलेला नाही हे मला कळतं. तरी परतीच्या बोटीत मी त्याचाच विचार करत होतो, आणि बाकीचे भेळ खात होते.

कार्ल्याला माझी बाजू घेणारं कुणीतरी भेटलं. शाळेची सहल होती. आधी एकवीरेचं दर्शन, मग डबे, मग चैत्यगृह. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती, त्यांच्यावर बसलेली जोडपी. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून निवांत, जत्रेला निघाल्यासारखी. सर उजेडात उभे राहून सातवाहन काळ सांगत होते. मी सवयीनं खांबांच्या मागे, भिंतीलगतच्या प्रदक्षिणेच्या अंधाऱ्या वाटेत गेलो आणि वर पाहिलं, तर हत्ती नव्हतेच! खांबाच्या त्या बाजूला घोडे होते, घोड्यांवर स्वार होते. पुढून हत्ती, मागून घोडे. नुसतं हत्तीचं ढुंगण कोरून भागलं असतं, तेही कुणी बघितलं नसतं. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या पाथरवटांनी अंधारातल्या बाजूला वेगळी मिरवणूक काढली. या लेण्यात वैजयंती नगरीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचा, म्हणजे सावकाराचा, लेख आहे. हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम, असं तो बेधडक म्हणतो. घोडे पाहिल्यावर मला ती बढाई वाटत नाही. बाहेर आलो तर हजेरी झालेली होती आणि मी गैरहजर होतो. सरांनी जे केलं तेही पाठीवरच केलं.

ही खोड कधीकधी अंगाशी येते. श्रवणबेळगोळला अनवाणी सहाशेच्या वर पायऱ्या चढून गेलो. गोमटेश्वराची 57 फुटी मूर्ती, एकाच खडकातून कोरलेली, इसवी सन 981 च्या सुमाराची. पायांवरून, हातांवरून वेली चढलेल्या. मांड्यांपर्यंत मागे वारुळाचा आधार, आणि तिथून वर सगळं अंग मोकळं. अशी संधी पुन्हा कधी मिळणार? मी थेट मागे. आकाशाला टेकलेली रुंद, शांत पाठ. खांदे एवढे मोठे आणि त्यांत ताठरपणा असा नाहीच. मान वर करकरून दुखायला लागली तेव्हा खाली उतरलो. संध्याकाळी मुक्कामाला सोबतच्या पाटीलकाकांनी विचारलं, "काय, चावुण्डराजें करवियलें वाचलं की नाही?" तेव्हा डोक्यात उजेड पडला. शाळेत ज्याच्यावर मार्क मिळवले तो मराठी शिलालेख मूर्तीच्या पायाशी, पुढच्या बाजूला! त्याच्यासाठी मराठी माणसं एवढं चढून जातात, आणि मी मागच्या ओवरीत उभा. मग माझी मी समजूत घातली, की त्या लेखाची दुसरी ओळ गंगराजानं 'सुत्ताले' करविल्याची आहे, आणि सुत्ताले म्हणजे मूर्तीभोवतीची तीच ओवरी. म्हणजे अर्धा शिलालेख मी पाहिला नसला तरी त्यात उभा राहून आलो. पाटीलकाकांना हे पटलं नाही.

फ्लॉरेन्सला मी गेलेलो नाही. भाची गेली होती. तिला सांगितलं, मायकेलअँजेलोच्या डेव्हिडच्या पुतळ्याचा फोटो काढ, पण मागून. उत्तर आलं, "मामा, इथं निम्मी गर्दी मागेच आहे." पुढे डोळा मारणारं चित्र. आले फोटो. त्यांतल्या एका बऱ्या फोटोत गोफणीचा पट्टा डाव्या खांद्यावरून पाठीवर तिरका उतरताना दिसतो. आणि पाठीचा कणा नि उजवा खांदा यांच्या मध्ये किंचित खोलगट जागा दिसते. तिथं एक स्नायू कमी आहे. मायकेलअँजेलोला शरीर कळत नव्हतं असं कोण म्हणेल? कमी पडला होता संगमरवर. तो दगडच दुसऱ्यांनी आधी तासून टाकून दिलेला, कित्येक वर्षं अंगणात पडलेला. 1501 मध्ये तो याच्या वाट्याला आला आणि 1504 मध्ये त्याचा डेव्हिड झाला. ती उणीव त्याला ठाऊक होती. दगड पुरला नाही असं त्यानं पत्रात लिहून ठेवलंय म्हणतात. गंमत अशी, की पुतळा मुळात चर्चच्या माथ्यावर, उंच बसायचा होता. तिथं त्याची पाठ बघायला कोण जाणार होतं? तरी हा माणूस हळहळला. रंगाऱ्याला हे सांगावं असं मनात आलं, पण त्यानं तोवर बिडी पेटवली होती.

गांधारच्या शिल्पांत बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे पट आहेत. बुद्ध उजव्या कुशीवर आडवा. मागे राजे, भिक्षू, कुणी केस उपटतोय, कुणी कोसळतोय, बुद्धाचा रक्षक वज्रपाणीसुद्धा हबकलेला. आणि मंचकाच्या अलीकडे एक जण चीवर गुंडाळून स्थिर बसलेला. सुभद्र, बुद्धाचा शेवटचा शिष्य. बऱ्याच पटांत त्याची पाठच आपल्याकडे असते. एवढ्या आक्रोशात फक्त त्याचाच चेहरा आपल्याला दिसत नाही. कारागिरानं सगळ्यांची दुःखं कोरली आणि याच्यापाशी येऊन चीवराच्या चार चुण्या काढून थांबला.

आजी गेली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. माजघरात बायकांचा आवाज चढत होता, खळ्यात माणसं जमत होती, कुणी बांबू आणायला गेलं होतं. अण्णा पडवीच्या पायरीवर बाहेर तोंड करून बसले होते. मी त्यांच्या मागे, दाराच्या उंबऱ्यात. ही पाठ माझ्या चांगल्या ओळखीची; सायकलच्या कॅरिअरवर बसून शाळेला जाताना रोज तीच समोर असायची, आणि चढावर सदऱ्यावर घामाचा नकाशा उमटायचा. त्या दिवशी सदरा नव्हता. बनियनला उजव्या खांद्याखाली एक भोक होतं, त्यातून पाठीचा रुपयाएवढा तुकडा दिसत होता. ते रडत होते का, ते मला माहीत नाही. चार पावलं पुढे जाऊन वळून बघता आलं असतं. मी गेलो नाही. बराच वेळ त्या भोकाकडे बघत बसलो. मग कुणीतरी हाक मारली आणि ते उठून गेले. पुढे इतकी वर्षं एकत्र राहिलो, पण विचारलं नाही.

आता अण्णांचा भिंतीवर फोटो आहे. छान आलाय, सगळे म्हणतात.

टपरीवाल्यानं रंगाऱ्याला चहा पाजला, वर दुसराही पाजला. दुसऱ्या चहानंतर रंगाऱ्यानं डबा तिरका करून तळ पाहिला, त्यात थिनर ओतलं, काडीनं ढवळलं आणि कुणाशी न बोलता शिडी फिरवून मागे लावली. हाराचा जुना दोरा ओढून काढला. पातळ सोनेरी रंग कॉलरवरून खांद्यांवर, खांद्यांवरून खाली. कमरेपर्यंत पुरला. कोटाच्या मागच्या चिरेपाशी संपला.

"बास झालं," टपरीवाला म्हणाला, "खालचं माझ्या फडताळामागं जातंय."

मला रिक्षा मिळाली.